न शिकवलेलं कडवं

स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी मनुबाई ढोकवलीला सून म्हणून आली. ढोकवली म्हणजे धरमतरच्या खाडीला टेकलेलं आगऱ्यांचं गाव. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला मिठागरं. नवरा धर्मा मिठागरावर कामाला होता. मनुबाईही त्याच्या मागोमाग मिठाची टोपली डोक्यावर घेऊन बांधावरून खाडीतल्या मचव्यापर्यंत जायला लागली. घरात तिसरं माणूस म्हणजे धर्माची आत्या, राही. सगळे तिला आतेच म्हणत.

राहीआते आसपासच्या गावांची धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीचा मान मोठा. देवांना मांडवात बोलवायचं, नवरीला हळद चढवायची, तिला निरोप द्यायचा, हे सगळं धवलारीण धवळे गाऊन करते. ती एक ओळ म्हणते, शेजारी बसलेली दुसरी बाई तीच ओळ झेलते, आणि असं लग्न पुढे सरकतं. आतेची ओळ झेलायला शेजारची बायजा असे. आतेला मूलबाळ नव्हतं. सुनेचा गळा गोड आहे हे तिनं पहिल्याच भातलावणीत ओळखलं आणि तिला धवळे शिकवायला घेतलं.

शिकवणं कडक होतं. शब्द इकडचा तिकडे झाला की आते हातातलं काम टाकून बघायची. "देवाला हाक मारतो आपण. नाव चुकलं तर देव दुसऱ्याच्या मांडवात जाईल," असं म्हणायची. मनुबाई टोपल्या वाहता वाहता धवळे घोकायची. पायाखाली बांध, डोक्यावर मीठ, ओठांत धवळा. दोन-तीन वर्षांत सगळं पाठ झालं.

मग एका लग्नात आतेचा घसा बसला आणि हळदीला मनुबाईनं एकटीनं गायलं. दुपारची वेळ होती. मांडवात बायका दाटीवाटीनं बसलेल्या, चुलीवर भाताचं आधण चढलेलं. मनुबाईनं मांडवाच्या खांबांचा धवळा धरला. तो लांबलचक आहे. म्हणता म्हणता तिला एवढंच कळत होतं की आपण म्हणतोय. मग तेही कळेनासं झालं. भानावर आली तेव्हा धवळा संपला होता आणि समोरच्या म्हाताऱ्या पदरानं डोळे पुसत होत्या.

"काय गं बायजा, ह्या का रडतात?" तिनं हळूच विचारलं.

"तूच रडवलंस की! नवरीच्या आज्यानं विहीर खणली, पाणी लागायच्या आधी तो गेला, ते सगळं गायलीस. कुठून आणलंस?"

मनुबाईच्या लेखी तिनं खांबांचा धवळा म्हटला होता, आतेनं शिकवलेला, अक्षरन् अक्षर. विहिरीची गोष्ट तिनं कधीतरी ऐकली असेल, पण ती गायची असं काही तिच्या डोक्यात नव्हतं. बायजा खोटं कशाला बोलेल? आणि त्या म्हाताऱ्या तरी फुकट कशाला रडतील?

आतेला कळलं तेव्हा ती भडकली. "धवळ्यात पदरचं घालायचं नसतं. कोनी सांगितलं तुला?"

"मी घातलं न्हाय, आते."

"मग कोनी घातलं?"

पुढच्या लग्नात मनुबाईनं स्वतःवर पहारा ठेवला. प्रत्येक शब्द दातांखाली दाबून बघितला आणि मग बाहेर सोडला. एकही चुकला नाही, पण गाणं असं कोरडं झालं की बायका मध्येच उठून भाताकडे बघायला गेल्या. त्याच्या पुढच्या लग्नात पहारा जरा ढिला पडला, आणि पुन्हा तेच झालं. भानावर आली तर बायजा तिच्याकडे डोळे मोठे करून बघतेय.

एकदा तिनं मुद्दाम करून पाहिलं. घरात कुणी नसताना ओसरीवर बसली आणि ठरवलं, आता आपण एक नवं कडवं रचू. दुपार सरली, काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मिठाची टोपली घेऊन चालताना, मनात काही नसताना, अख्ख्या चार ओळी ओठांवर आल्या. ती दचकली, टोपली कलली, आणि दचकल्याबरोबर ओळीही गेल्या. हे काय आहे, ते तिला धरताही येईना आणि सोडताही येईना.

धर्माला काळजी लागली. त्यानं गावच्या भगताला, कोंडाजीला बोलावलं. कोंडाजीनं ऊद जाळला, तांदूळ टाकले, कोण आहेस, कुठलं आहेस, म्हणून दरडावलं. मनुबाई आपली समोर बसून म्हणाली, "कोंडाजीबाबा, मीच हाय." बराच वेळ खटपट करून तो उठला. "वारं न्हाय वाटत हे. पण मग काय हाय, ते मला सांगता येत न्हाय."

मग धर्मा तिला पेणला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर वयस्कर होते, शांतपणे ऐकणारे. पडतेस का, दातखीळ बसते का, तोंडाला फेस येतो का, असं सगळं त्यांनी विचारलं. सगळ्याला नाही.

"भाकऱ्या थापताना प्रत्येक भाकरी कशी थापली ते आठवतं का तुला?" त्यांनी विचारलं.

"न्हाय. हात करतात."

"तसंच असेल. हात काम करतात, मन भलतीकडे असतं."

मनुबाईनं विचार केला. "पण डाक्टर, मन भलतीकडे असलं तरी भाकरीची भाकरीच होते. तिचं घावन न्हाय होत."

डॉक्टर हसले. "डोक्याचं काही सगळं आम्हाला कळलेलं नाही, बाई," ते म्हणाले. "तू सांगतेस त्यावरून एवढं दिसतं, की तू लक्ष ठेवलंस की ते येत नाही, आणि लक्ष सुटलं की येतं. आजार म्हणावा तर त्रास काही नाही." त्यांनी रक्त वाढायचं औषध दिलं. मनुबाई परत येताना त्या बाटलीकडे बघत राहिली. रक्त वाढल्यावर गाणी वाढतील की जातील, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

सगळं असंच चाललं असतं, पण छप्पन सालच्या उन्हाळ्यात अंबाजीच्या कमळचं लग्न निघालं.

अंबाजी गावातला वजनदार माणूस. मुलीला त्यानं उरणकडचं स्थळ बघितलं होतं. नवरा बिजवर, सदा नावाचा, वयानं थोराड पण सरळ माणूस. आधीच्या बायकोची दोन पोरं होती. कमळ नको म्हणाली होती की नव्हती, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिला कुणी विचारल्याचं कुणाच्या कानावर नव्हतं. आई तिची लहानपणीच गेलेली.

हळद लागली, वऱ्हाड आलं, मुंडावळ्या बांधल्या. अक्षता वाटायच्या आधीचा धवळा मनुबाईनं धरला. बायजा झेलायला होती. आतेनं वयामुळे आता मांडवात गाणं सोडलं होतं, ती अंगणात म्हाताऱ्यांत बसली होती. आणि मधेच कुठेतरी मनुबाईचं लक्ष सुटलं.

ती भानावर आली ती गलक्यानं. कमळ पाटावरून उठून उभी होती. मुंडावळ्या तिच्या हातात होत्या. "मला हे लगीन नको," ती म्हणत होती. आवाज मोठा नव्हता, पण मांडवात दुसरा आवाजच राहिला नव्हता. अंबाजी पुढे धावला. सदाची आत्या मनुबाईकडे बोट दाखवून ओरडू लागली. सदा काही वेळ उभा राहिला. मग त्यानं डोक्याची पगडी काढली, भावाच्या हातात दिली आणि म्हणाला, "तिला नको तर नको. चला." वऱ्हाड उलट्या पावली खाडीकडे गेलं. भात चुलीवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे पंच बसले. मनुबाईला उभी केली.

"काय गायलीस तू काल?"

"ठाऊक न्हाय."

"तोंड तुझं, गळा तुझा, आन् तुला ठाऊक न्हाय?" अंबाजी गरजला.

"देवाशपथ न्हाय ठाऊक."

मग लोकांना विचारलं, तर प्रत्येकाचं वेगळंच. एक म्हणाली, नवऱ्याच्या मेलेल्या बायकोचं नाव घेतलं. दुसरी म्हणाली, छे, फुटक्या होडीबद्दल काहीतरी होतं. अंबाजी म्हणाला, मला नाव घेऊन शिवी दिली. मनुबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. यातलं कुठलं आपलं असेल, ते तिला ओळखू येईना. शेवटी कुणीतरी म्हणालं, बायजानं ओळ झेलली ना, तिला विचारा. बायजा भीत भीत पुढे आली आणि तिनं म्हणून दाखवलं:

हळद लागली गं अंगाला, मन कोरं ऱ्हायलं,
बाय माजे सांग मला, तुला कोनी इचारलं?

अंबाजी खाली बघू लागला. मग तोच म्हणाला, "हे धवळ्यात न्हाय. हिनं मुद्दाम घातलं. धवलारीण असं पदरचं गायला लागली तर उद्या एक लगीन धड व्हायचं न्हाय."

तेव्हा राहीआते काठी टेकत उठली. "हे धवळ्यात हाय," ती म्हणाली. "जुनं कडवं हाय. माझी आय धवलारीण, ती म्हनायची. बापलोकांना आवडंना म्हणून पुढं सोडलं. मी हिला शिकवलं न्हाय, पन ते हाय. हिच्या आयशीच्या लग्नात माझ्या आयनंच गायलं होतं."

राहीआतेच्या शब्दापुढे कुणी बोलायचं नसे. पंच उठले.

मनुबाई मात्र आणखीच घोटाळ्यात पडली. आईच्या लग्नात ती जन्मलीही नव्हती. आई ती रांगती असतानाच गेली. मग ते कडवं आपल्यात आलं कुठून? आई कधी पाळण्यापाशी गुणगुणली असेल? की आतेनं केवळ सुनेला वाचवायला थाप मारली? घरी आल्यावर तिनं धीर करून विचारलं.

"आते, खरंच होतं का ते कडवं?"

आते तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. "बायजानं म्हटलं, आन् मला माझ्या आयचा आवाज ऐकू आला. म्हणून बोलले." मग सूप पुन्हा हलवत म्हणाली, "आठवलं का तितंच सुचलं, ते मला नको इचारू. मलाबी कळलं न्हाय."

पंचांनी सोडलं तरी लोकांनी सोडलं नाही. पुढची दोन-तीन वर्षं ढोकवलीत मनुबाईला कुणी लग्नाला बोलावलं नाही. शेजारगावची धवलारीण आणायचे, नाहीतर पेणहून कर्णा आणून सिनेमाची गाणी लावायचे. मनुबाई मीठ वाहत राहिली. गंमत अशी की त्या काळात ओळी येतच राहिल्या, बांधावर, भात सडताना, खाडीत चिंबोऱ्या धरताना. आता मांडव नव्हता, झेलायला कुणी नव्हतं. त्या येत आणि जात. कधी तिला वाटे, बरं झालं. कधी तिला इतकी हुरहुर लागे की धर्मा विचारी, दुखतंय का कुठं.

कमळ तीन वर्षांनी दारात आली. मचव्यावर काम करणाऱ्या चंदरशी तिचं लग्न ठरलं होतं, अंबाजीच्या नाखुशीनंच, पण ठरलं होतं. "धवळे तूच गायचेस," ती म्हणाली.

मनुबाईनं तिला आत घेतलं. इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं. "कमळ, माझं ते कडवं ऐकून उठलीस ना तू?"

कमळ गोंधळली. "खरं सांगू, काकी? शब्द मला कळलेच न्हाईत. माझं ध्यानच नव्हतं. तुझा आवाज एकदम बदलला, एवढंच कळलं. आन् मग मी उभी होते. कशी उठले, ते मलाबी आठवत न्हाय."

मनुबाईला आधी हसू आलं, मग भीती वाटली, मग तिनं उठून चहा टाकला.

कमळच्या लग्नाला माणूस मावेना. सगळे आले होते ते मनुबाईचं 'ते' ऐकायला. प्रत्येक ओळीला बायका कान टवकारून, आता येईल, मग येईल. मनुबाईही वाट बघत होती, आणि वाट बघत होती म्हणूनच की काय, काहीच आलं नाही. धवळे जसे शिकले तसे, एकही शब्द इकडचा तिकडे न होता पार पडले. अंबाजीनं सुटकेचा निःश्वास टाकला. मनुबाई मागच्या पडवीत जाऊन रडली. कशासाठी, हे बायजानं विचारलं, पण तिला सांगता येईना. बायजाला वाटलं, दमली असेल.

त्यानंतर बोलावणी पुन्हा यायला लागली. कधी ते येई, बहुतेकदा येत नसे. बायजा झेललेल्या ओळी नंतर तिला सांगे, पण मनुबाई त्या पुन्हा गायला गेली की जिभेवर बसत नसत, उसन्या लुगड्यासारख्या वाटत.

साठ साल उलटलं आणि राहीआतेची आठवण हळूहळू विझायला लागली. धर्माला ती भाऊ समजे, मनुबाईला कधी आई, कधी कुणीतरी पाहुणी. जेवलो की नाही, हेही आठवत नसे. पण सकाळी उन्हात बसवलं की ती गायला लागे. आयुष्यभर एक शब्दही न हलवलेली बाई, आता खांबांच्या धवळ्यातून निरोपाच्या धवळ्यात शिरे, तिथून मनुबाईनं कधी न ऐकलेल्या कडव्यांत जाई. मनुबाई कामं टाकून ऐकत बसे. हे जुनं, सोडून दिलेलं, आता वर येतंय? की आतेलाही म्हातारपणी ते आपल्याला होतं तसं होतंय?

"आते, हे कोनाचं गं?"

"तूच शिकवलंस ना, आये," आते म्हणे आणि पुढची ओळ धरी.

मनुबाई ती ओळ झेलू लागली. आतेनं ओळ म्हणायची आणि आपण बायजासारखी झेलायची, असं रोज सकाळी दोघींचं चाले. झेललेलं मात्र तिच्या लक्षात राही. चौसष्टच्या थंडीत आते गेली, तोवर मनुबाईकडे कितीतरी नवी, की जुनी, कडवी जमली होती.

पुढे बायजाची सून रंगू तिच्याकडे धवळे शिकायला यायला लागली. मनुबाईनं तिला सगळं शिकवलं, कमळच्या लग्नातलं कडवंसुद्धा. ते तिला स्वतःलाच आधी बायजाकडून पाठ करून घ्यावं लागलं. कडवं आलं की रंगू हमखास विचारी, "काकी, हे जुनं का तुझं?" मनुबाई खरंच थोडा वेळ आठवून बघे. मग सांगे की हे आतेकडून आलं, ते बायजाकडून, आणि त्याच्या आधीचं तिला माहीत नाही. काही घरांत ते 'कोनी इचारलं'चं कडवं आवडायचं नाही. नवरीचा बाप आधीच येऊन सांगे, तेवढं सोडा. मनुबाई बरं म्हणे. ऐन वेळी ती ते गाई की नाही, हे तिला विचारून उपयोग नसे, लोक ओळ झेलणाऱ्या रंगूला विचारत.