आयुधपूजेत अडकलेला पंखा

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. कम्प्युटरच्या कॅबिनेटमधल्या धुळीसारखे ते आपोआप जमतात. पंखा बंद पडतो, झाकण उघडावं लागतं आणि मग कळतं, बापरे, केवढा हा ढीग! आमच्या चेन्नईतल्या अण्णा नगरच्या ऑफिसातले माझ्याकडचे बहुतेक किस्से मागच्या आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, दिवसाचे आहेत. आज हसत सांगतो, पण त्या दिवशी माझी पाचावर धारण बसली होती.

इमारत उभी राहण्याआधी ती कशी दिसेल याच्या फिल्म आम्ही बनवतो. मालक राव सर तंजावरच्या मराठी घराण्यातले, त्यांचं मराठी जुन्या पोथीसारखं. मी सांगलीचा. आणि ऑफिस सांभाळणाऱ्या सेल्वी अक्का. मालक राव सर असले, तरी राज्य अक्कांचं!

*

एका हॉस्पिटलची फिल्म पूजेच्याच संध्याकाळी द्यायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे ट्रस्टी ती बघणार होते. राव सरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "हें काम गेलें तर दिवाळीनंतर ऑफिसला कुलूप!" मी नुकतंच सांगलीहून बिऱ्हाड आणलेलं. मुलीला शाळेत मैत्रिणी मिळायला लागल्या होत्या.

पण आयुधपूजेला हत्यारांना विश्रांती. कुणी कशाला हात लावायचा नाही, हा अक्कांचा कायदा. मी तोड काढली. मोठ्या मशीनला, म्हणजे फिल्म बनवणाऱ्या आमच्या कम्प्युटरला, आदल्या दिवशीच टायमर लावला, म्हणजे फिल्मचं काम ते आपलं आपण सुरू करणार.

राव सर खूश. "आपण होऊन चालेल! आपण हात लावायचाच नाहीं!"

अक्कांनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "सेरी, ठीक आहे. पण सामीला, देवाला फसवताय, लक्षात ठेवा!"

*

सकाळी पूजा झाली. माऊस, स्टेपलर, एसीचा रिमोट, सगळ्यांना चंदनाचं गंध आणि कुंकू. अक्का माझ्याजवळ आल्या, चष्मा काढून घेतला आणि दोन्ही काचांवर एकेक ठिपका लावला.

"अक्का, आता मला दिसणार कसं?"

"आज काम नाहीच आहे. बघायचंय कशाला?"

*

ठरल्या वेळी टायमरने काम सुरू केलं. मोठ्या मशीनचं झाकण उन्हाळ्यापासून काढूनच ठेवलेलं होतं. आतला ग्राफिक्स कार्डचा पंखा एकदा थरथरला आणि थांबला. स्क्रीनवर कार्डाचं तापमान चढायला लागलं, चढतच गेलं, आणि मशीन फट्कन बंद!

बाकीची मशीनं या कामापुढे अगदीच लिंबूटिंबू. पंखा खोलायला स्क्रू ड्रायव्हर हवा, आणि तो सरस्वतीपुढे, झेंडूच्या फुलांखाली. मी हात पुढे केला.

"टच पण्णादींग!" अक्का ओरडल्या. मी हात मागे घेतला.

राव सरांकडे बघितलं. ज्यांचं ऑफिस जाणार होतं ते मान खाली घालून म्हणाले, "पूजेंतलें आयुध कसें उचलावें, शिरीष?"

*

मी रस्त्यावर धावलो. हार्डवेअरचं दुकान बंद. कोपऱ्यावर एक रिक्षा उभी होती, तिला केळीचे खुंट बांधलेले आणि पुढे हार. ड्रायव्हर बाजूला बसून पोंगल खात होता.

"अण्णा, स्क्रू ड्रायव्हर आहे?"

"आहे की!"

माझ्या जिवात जीव आला.

"पूजेत आहे. उद्या घेऊन जा!" आणि वर मलाच पोंगल दिला.

*

परत आलो तर राव सरांनी भिंतीवरच्या बटणाने मशीन पुन्हा सुरू करून ठेवलेलं आणि गुडघे टेकून ते वर्तमानपत्राने कार्डाला वारा घालत होते. घामाने शर्ट भिजलेला.

"सर, टेबल फॅन लावूया का?"

"त्यास गंध लागलें आहे. वर्तमानपत्र आयुध नव्हे!"

वारा पुरला नाही. मशीन पुन्हा बंद पडलं. राव सर तसेच फरशीवर बसून राहिले. त्यांना तसं बघून मला रडूच यायला लागलं.

तेव्हा अक्का खाली वाकल्या. त्यांनी पंख्याकडे निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पंख्याच्या मधोमध चंदनाचं जाडजूड बोट होतं. ओघळून कडेच्या फटीत उतरलेलं आणि वाळून टणक झालेलं. मुख्य आयुधाला गंध जरा जास्तच लागलं होतं!

अक्कांनी मशीनचा प्लग काढला. मग अंबाड्यातली पिन काढली. केस पाठीवर सुटले. पिनेच्या टोकाने त्या फटीतलं चंदन कोरायला लागल्या, तोंडाने एकसारखं "मुरुगा, मुरुगा" चालू. शेवटी बोटाने पंखा ढकलला. गरकन फिरला!

"अक्का, पण आज हत्यार..."

"ही पिन आहे," अक्का म्हणाल्या. "हत्यार नाही."

संध्याकाळी फिल्म गेली. राव सरांनी आयुष्यात पहिल्यांदा मला मिठी मारली.

*

तरी पंखा घरघरतच होता. सुट्ट्या संपल्यावर रिची स्ट्रीटच्या कम्प्युटरच्या दुकानात नवा बसवून घेतला. दुकानदाराने कार्ड उघडलं, नाकाजवळ नेलं आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. "सर, जळलेल्या कार्डाचा वास मला माहीत आहे. हे देवळात ठेवलं होतं काय?"

*

यंदाची आयुधपूजा परवाच झाली. मोठ्या मशीनचं झाकण घट्ट बंद होतं, गंधाचा एकच ठिपका, तोही बाहेरून. सरस्वतीपुढे नेहमीची रांग होती: स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, स्टेपलर. स्क्रू ड्रायव्हरच्या शेजारी फुलावर केसांची एक पिन ठेवलेली होती, तिला गंध आणि कुंकू.

मी अक्कांकडे बघितलं. आरतीचं ताट घेऊन त्या उभ्या होत्या. या वेळी अंबाडा नव्हता, त्या वेणी घालून आल्या होत्या.