आवाज आढळला नाही

एकाच मजकुराचे तीन छापील कागद माझ्या टेबलाच्या खणात आहेत. तिन्हींवर लिहिले आहे : ‘तक्रार – सकाळी गाडी सुरू करताना किंचाळल्यासारखा आवाज. निष्कर्ष – आवाज आढळला नाही.’ राग धरून ठेवणे हा दोष आहे, हे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो. तरीही ते कागद मी अजून फाडलेले नाहीत.

मी जळगावला राहतो. माझी थोरली बहीण धुळ्याला असते. वर्षभरापासून ती अंथरुणावर आहे आणि तिची दृष्टीही अधू झाली आहे. दर एकादशीला मी माझ्या जुन्या मोटारीने तिच्याकडे जातो आणि उशाशी बसून पोथी वाचतो. एखाद्या शब्दावरून मी घाईने गेलो, तर ती हात उचलून मला थांबवते. गुडघ्यांमुळे बसच्या पायऱ्या मला चढवत नाहीत. मोटार गेली की ते वाचनही संपले, इतकी ही गोष्ट सरळ होती.

आवाज दिवाळीच्या सुमारास सुरू झाला. सकाळी किल्ली फिरवली की बॉनेटच्या आतून एक तीक्ष्ण किंकाळी उठे, मनात वीस मोजेपर्यंत टिके आणि इंजिन तापू लागले की विरून जाई. मग दुसऱ्या सकाळपर्यंत तिचा मागमूस नसे.

सर्व्हिस सेंटरमध्ये माझी तक्रार एका तरुण गृहस्थांनी लिहून घेतली. त्यांना मी विनंती केली, की गाडी रात्रभर येथे ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा सुरू करताना ऐका. त्यांनी होकार दिला. परंतु तेथील शिस्त अशी, की सकाळी गाडी सुरू करण्याआधी उभ्या जागीच ती धुवायची, तीही बॉनेट उघडून, आतपर्यंत फवारा मारून. नंतर संगणक जोडायचा. संगणकाला काही सापडले नाही, हे मला मोठ्या आनंदाने सांगण्यात आले. दुसऱ्या खेपेस मी हात जोडले आणि म्हणालो, आधी ऐका, मग धुवा.

“काका, धुतल्याशिवाय गाडी आत घेताच येत नाही,” ते म्हणाले.

तिसऱ्या खेपेस त्यांनी माझ्याशी बोलणेच सोडले. मी समोर बसलेला असताना त्यांनी पुण्याला माझ्या मुलाला फोन लावला आणि सांगितले, की गाडी उत्तम आहे, वडिलांचे कान एकदा तपासून घ्या. दहा हातांवरून हे मला स्वच्छ ऐकू आले.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो प्रेमाने बोलत होता, म्हणूनच अधिक लागले. “नाना, नसलेले आवाज ऐकू यायला लागले, तर मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येईल का?” पुढच्या सुट्टीत येऊन गाडी विकून टाकतो, असे त्याने ठरवूनही टाकले होते.  त्या दिवशीची सायंसंध्या माझ्याकडून नीट झाली नाही. ओठांवर मंत्र होता आणि डोळ्यांपुढे तो पाण्याचा फवारा.

पारोळ्याला किल्ल्याच्या बाजूस एका वृद्ध मुसलमान मिस्त्रींचे गॅरेज आहे. माझी स्कूटर होती तेव्हापासूनची आमची ओळख. माघातल्या दशमीला मी एक दिवस आधीच निघालो आणि धुळ्याची वाट अर्ध्यावर सोडून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले, बॉनेटला हात लावला नाही आणि एवढेच विचारले, की आवाज थंड इंजिनाचा की तापलेल्या? थंड, असे सांगताच त्यांनी किल्ली मागून घेतली. आता सकाळपर्यंत हिला कोणी शिवायचे नाही, म्हणाले. मी गावातल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे मुक्काम केला.

सकाळी ते नमाज आटोपून आले, मी संध्या करून. त्यांनी लगेच गाडी सुरू करू दिली नाही. सावकाश एक फेरी मारली आणि पुढच्या चाकापाशी वाकले. टायरवरून मुंग्यांची एक रांग आत चढत होती.

“आबा, गाडीमा गोड काय शे?” त्यांनी अहिराणीत विचारले.

 तुळशीपाशी मुंग्यांना साखर घालण्याचा माझा नेम आहे, त्यामुळे घरी गाडीभोवती दिसणाऱ्या मुंग्यांचे मला कधी नवल वाटले नव्हते.

मी किल्ली फिरवली. किंकाळी उठली. मिस्त्रींनी मान डोलावली. तीन महिन्यांत प्रथमच तो आवाज माझ्याखेरीज दुसऱ्या माणसाने ऐकला होता, आणि माझे डोळे भरून आले. मग त्यांनी तांब्यातले थोडे पाणी इंजिनाच्या पट्ट्यावर सोडले. आवाज त्या क्षणी थांबला. पाणी उडाले, तसा पुन्हा बारीक सुरू झाला. त्यांनी समजावले, की बेअरिंग खराब असते तर पाण्याने काहीच फरक पडला नसता. हा पट्टा घसरतो आहे. सर्व्हिस सेंटरवाले गाडी आधी भिजवत होते, मग आवाज येणार कुठून?

मी संतापलो. त्या तरुणाबद्दल, त्याच्या संगणकाबद्दल, माझ्या वयाला शोभणार नाही असे बरेच बोललो. मिस्त्रींनी मला बोलू दिले. इंजिन बंद करवून त्यांनी पट्टा ज्यावरून फिरतो त्या कप्पीच्या खाचेतून बोट फिरवले आणि ते माझ्यापुढे धरले. बोटाला पिवळसर चिकटा लागला होता. तूप आणि मध यांचा वास मी ओळखला.

तो मीच घातलेला होता. बहिणीने अंथरूण धरल्यापासून दर एकादशीला अभिषेक झाला की मी बॉनेट उघडून फुलाने इंजिनावर पंचामृत शिंपडत असे. प्रवास निर्विघ्न व्हावा आणि मी तिच्यापर्यंत पोहोचावे, एवढाच हेतू होता. लोक बाहेर लिंबू-मिरची बांधतात. मला वाटे, पूजा करायची तर यंत्राच्या हृदयाची करावी.

हे सांगताना माझी मान खाली होती. मिस्त्री हसले नाहीत.

“तुमनी पूजा खरी शे, आबा. पन पट्टाले ती समजत नही.”

खाचा घासून झाल्या, नवा पट्टा बसला, गाडी निमूट सुरू झाली. तेथूनच मी मुलाला फोन केला आणि पंचामृतासकट सर्व सांगितले, कारण अर्धे सांगणे असत्यच ठरले असते. तो पुष्कळ वेळ हसला.

“म्हणजे नाना, दोष तुमचाच.”

“दोष माझा,” मी म्हणालो. “पण आवाज होता.”

 मग धुळ्याला किती वाजता पोहोचाल, एवढे त्याने विचारले. गाडी विकण्याचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

पुढच्या एकादशीला पंचामृत देवघरातच राहिले. निघताना वाटेत मी सर्व्हिस सेंटरवर थांबलो आणि ते तीन कागद पुढे ठेवले. पैकी एकावर तरी ‘आवाज होता’ असे लिहून द्या, एवढेच मागितले. त्याच गृहस्थांनी कागद न पाहताच परत केले.

“काका, बंद झालेली तक्रार उघडता येत नाही. गाडी आणली असेल तर धुऊन देतो.”

मी किल्ली मुठीत घट्ट धरली, आणि बहीण वाट पाहत असेल म्हणून धुळ्याच्या रस्त्याला लागलो.