पहिल्या फेरीचा माणूस

हिराजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याशीच भांडत होतो. म्हणजे मनातल्या मनात. टेबलावर कागद होता, त्यावर एकच ओळ लिहून झाली होती आणि पुढचं काही सुचत नव्हतं... त्याचा मुलगा दत्ता एवढंच म्हणाला, "काका, बाबा गेलं. चहा पिता पिता गेलं." आषाढातली सकाळ, बाहेर पाऊस धो धो. मी छत्री न घेताच निघालो आणि कोळीवाड्यापर्यंत भिजत गेलो. त्याला आता दोन महिने होत आले.

काशीदच्या अलीकडच्या आमच्या गावात आम्ही दोघं एका बाकावर शिकलो. तो होडीवाल्यांचा, मी नारळाच्या वाडीवाल्यांचा. तो हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून भरती झाला, मी अर्थशास्त्र शिकून प्राध्यापक झालो. त्याच्या लेखी मात्र मी शेवटपर्यंत मास्तरच. शाळेत असताना एकदा त्याच्या घरच्या होडीत बसलो आणि किनारा सुटायच्या आत मला उलटी झाली, तेव्हापासून मी होडीत पाय ठेवला नव्हता. ही गोष्ट तो माझ्या लग्नातही सांगून आला होता. निवृत्त होऊन गावी परतल्यावर पेन्शन खात बसणं त्याला जमेना. किनाऱ्यावर एक शेड घातली आणि गावाच्या होड्या दुरुस्त करू लागला. दुरुस्त केलेल्या प्रत्येक फळीवर लाल रंगानं आपलं नाव लिहायचा. ही सवय नोकरीतली. तिथं काम झालं की सही केल्याशिवाय विमान हलत नसे.

आमच्या किनाऱ्यावर एक जुनी रीत आहे. ज्यानं होडी दुरुस्त केली, त्यानं पहिल्या फेरीला तिच्यात बसायचं. काम कच्चं असेल तर पहिलं पाणी त्याच्याच पायाशी यावं. हिराजी प्रत्येक हंगामात प्रत्येक होडीतून जाऊन यायचा, आणि परत आला की पायातल्या कोरड्या चपला सगळ्यांना दाखवायचा. थोडा तोरा होताच त्याला. इतकं चांगलं काम करणाऱ्याला तेवढा शोभतो, असं मला वाटायचं.

त्या तोऱ्यानंच पुढे घोळ केला. जुनी लढाऊ विमानं बदलायची का, आणि बदलायची तर एवढ्या किमतीला का, यावरून टीव्हीवर रोज रणकंदन चालू होतं. कुणी किंमत विचारली की तो देशद्रोही, कुणी गरज सांगितली की तो दलाल. मला लिहायची खुमखुमी आली. हिराजीला विचारलं तर हातातला पाना खाली न ठेवता म्हणाला, "विमान म्हातारं होत न्हाय, मास्तर. हात म्हातारे होतात. चांगला हात द्या, जुनं अजून कैक वरसं उडंल." मला आयतंच घबाड मिळालं. आयुष्यभर विमानं सांभाळलेला माणूसच सांगतोय की नवी नकोत! ते वाक्य मी लेखात ठळक छापून घेतलं आणि याच पैशात किती शाळा उभ्या राहतील ते सांगितलं. लेख गाजला, मोबाईलवर फिरला. हिराजीनं कात्रण शेडमध्ये चिकटवलं. महिनाभर आम्ही दोघं गावातून पुढाऱ्यांसारखे हिंडत होतो.

आणि मग दत्ताच्या मुलीची, सायलीची, हवाई दलात वैमानिक म्हणून निवड झाली. सगळ्या कोळीवाड्यात पेढे वाटले गेले. हिराजीनं पगडी बांधून फोटो काढून घेतला. पण पुढे प्रशिक्षणात ती विमानात चढू लागली, आणि आठ दिवसांनी तो माझ्या ओटीवर आला तेव्हा त्याच्या हातात ते कात्रण होतं.

"ह्यात माजं वाक्य हाय. ते काढ."

"छापलेलं कसं काढणार?"

"मंग दुसरं छाप."

मी चेष्टेवर नेलं. म्हटलं, नात निघाली म्हणून मत फिरलं का? तो चिडेल असं वाटलं होतं. तो बसला, कात्रणाची घडी केली, परत उघडली. "व्हय. तिच्यापायीच कळलं. होडी मी दुरुस्त केली तर मीच आधी बसतो. विमानाची सही करून मी खालीच उभा ऱ्हायचो. वर जायचा तो दुसऱ्याचा नातू."

"पण तुझ्या सहीचं एकही विमान पडलं नाही," मी म्हणालो.

"न्हाय पडलं. म्हनून नशिबाला मी हुशारी समजलो. जुन्याला सुटा भाग मिळत न्हाय, मास्तर. एकाचं काढून दुसऱ्याला लावायचं. हात चांगला असला तरी लावायला काय तरी पायजे ना."

माझी खोड अशी की हरलो तरी वाद सोडवत नाही. मी म्हटलं, पण किंमत? ती तर कमी होत नाही, शाळा तर बांधल्याच पाहिजेत. तो म्हणाला, "इचार की किंमत. आपली बाई म्हावरं घेताना इचारते तशी इचार, सोडू नको. पन घासाघीस करता करता म्हावरंच नासलं, तर दोघांच्या हाती काय?" ते मला पटलं. तरी मी लगेच लिहिलं नाही. खरं सांगतो, लाज वाटत होती. ज्यांनी तो लेख डोक्यावर घेतला ते काय म्हणतील? पाऊस संपला की लिहितो, असं त्याला सांगितलं. तो उठता उठता हसला. "हीच ती घासाघीस," म्हणाला.

ते आमचं शेवटचं बोलणं.

सायली बाराव्याला दोन दिवसांची रजा काढून आली. आम्ही शेडमध्ये बसलो होतो. समोर त्यांच्या घरची होडी होती, हिराजीनं जाण्याआधी पुरी केलेली. ती म्हणाली, "सर, आजोबा फोनवर रोज एकच सांगायचे, सही कोणाची ते बघ. आता मी विमानात चढण्याआधी सही करणाऱ्याला नाव विचारते, दोन शब्द बोलते. सुरुवातीला सगळे हसले. आता माझ्या बॅचमधले बाकीचेही विचारतात." मग होडीकडे बघत म्हणाली, "हिच्या पहिल्या फेरीला कोण बसणार?" दत्ता म्हणाला, "बाबाच बसायचं." सायली माझ्याकडे वळली. "आजोबांचं वाक्य तुम्ही छापलंत, सर. तुम्ही बसा."

नारळी पौर्णिमा झाली आणि मी बसलो. दत्तानं मला मधल्या फळीपाशी बसवलं. तिच्यावर लाल अक्षरात 'हिराजी' लिहिलं होतं, नेहमीसारखं. पण त्याखाली आणखी एक ओळ होती, आजवर कुठल्याच फळीवर नसलेली. 'एक हंगाम. मंग नवी.' दत्ता म्हणाला, "जायच्या आदल्याच आठवड्यात लिवलं. मला बोलले, फायबरची सांगून ठेव, भाव चांगला पाडून घे, पन पुढल्या हंगामाला ही काढू नको." त्यानं सांगून ठेवली आहे. भावही पाडून घेतला आहे.

मला दोनदा उलटी झाली. लाटा तोंडावर येत होत्या, कपडे चिंब झाले. वर आकाश लख्ख मोकळं होतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला समुद्राची भीती वाटत असूनही गंमत वाटत होती... हिराजी, तू असतास तर गावभर सांगत सुटला असतास. होडी किनाऱ्याला लागली तेव्हा मी वाकून त्या फळीच्या सांध्यांवरून बोट फिरवलं. एकाही फटीतून पाणी आलेलं नव्हतं. घरी आलो, टेबलावरचा कागद पुढे ओढला. त्यावरची ओळ होती, 'विमानंही म्हातारी होतात, हिराजीचं वाक्य मी मागे घेतो.' ओल्या कपड्यांनीच बसलो आणि तिच्याखाली हे सगळं लिहिलं.