पौर्णिमेची पेज

वसंता गेल्याचं मला फोनवर कळलं, आणि ते ऐकून माझ्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते हे : "त्यानं काय खाल्लं होतं?" पलीकडचा माणूस कन्नडमधून बोलत होता, पण ते कन्नड आमच्या म्हैसूरच्या माणसाचं नव्हतं. कुवेंपुनगरातल्या हॉटेलातून बोलतोय, तुमचे भाऊ जेवता जेवता छातीला हात लावून वाकले, आम्ही ऑटोत घालून निघालो होतो, पण वाटेतच... असं तो चाचरत सांगत होता. मला सगळं नीट समजलं होतं. तरीही मी विचारलं. तो म्हणाला, "गंजी, अम्मा." गंजी म्हणजे पेज. माझा विश्वास बसला नाही. चिनी हॉटेलात जाऊन कोण पेज खातं?

आता दोन महिने होत आले. अशा लेखात गेलेल्या माणसाचे गुण सांगायचे असतात, पण वसंताचे गुण सांगायला बसले की आधी माझे दोष पुढं येतात. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. परीक्षेच्या वेळी बाकांमधून फिरायचं आणि कुणाची मान कुठं वळते ते बघायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. दूधवाला लवकर आला तरी मला संशय, उशिरा आला तरी संशय. वसंता म्हणायचा, "अक्का, तू देवालाही आधारकार्ड मागशील." तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. आम्ही शिंपी, कैक पिढ्या म्हैसुरातले, घरात विठ्ठल आणि बोलण्यात निम्मं कन्नड. चामराजपुरमला त्याचं सदरे शिवायचं दुकान होतं. गळ्यात तुळशीची माळ, आणि माळकऱ्यानं मांसमच्छीला शिवायचं नाही हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. बायको वारल्यावर तो माझ्याकडे राहायला आला. मी लग्न केलं नव्हतं. दोघांची दोन ताटं, एकच कुकर, आणि द्वादशीच्या नैवेद्याची खीर मात्र त्याच्या हातची. माझ्या हातची खीर विठोबा ओढून ताणून खातो, असं तो म्हणायचा.

सुरुवात वासानं झाली. एका संध्याकाळी धुवायला टाकलेल्या त्याच्या सदऱ्याला चक्रीफुलाचा वास आला, आणि त्याखाली आणखी काहीतरी खारट, आंबूस, जे माझ्या स्वयंपाकघरातलं नव्हतं. कुठं गेला होतास विचारलं तर म्हणाला, "सुम्मने, जरा फिरून आलो." सुम्मने म्हणजे उगीच. आमच्याकडे ज्याला काही लपवायचं असतं तो सुम्मने म्हणतो. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच वास. मग मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलनं बारीक टिंबं द्यायला लागले. चार महिन्यांत चित्र स्पष्ट झालं. वसंता महिन्यातून दोनदा दुपारी गायब व्हायचा. एकदा पौर्णिमेला, आणि एकदा अमावास्या सरली की दुसऱ्या दिवशी. मी हादरले. इतक्या नेमानं तिथी पाळून माणूस करतो तरी काय? आधी बाई मनात आली, मग कुणीतरी मांत्रिक. शेवटी एका पौर्णिमेला मी त्याच्या मागच्या बसनं कुवेंपुनगरला गेले आणि औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. समोर पाचसहा टेबलांचं हॉटेल. पाटीवर ड्रॅगन, काचेवर मासा आणि कोंबडीची चित्रं, बाहेर कॉलेजच्या मुलांच्या दुचाक्या. आत माझा माळकरी भाऊ वाडग्यावर वाकून, मन लावून, डोळे मिटून जेवत होता. शेजारी एक चिनी म्हातारी. दोघांच्या मध्ये चारपाच बशा, आणि दोघंही त्याच बशांतून उचलत होती. पौर्णिमेला! मला आणखी पुरावा नको होता.

त्या संध्याकाळी मी माळ्यावरून एक जुनं ताट आणि पेला काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"हे काय अक्का?"

"तुझं ताट. आजपासून हे. घासायचंही तूच, आणि खिडकीत पालथं घालायचं. बाकीच्यांत मिसळायचं नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं, कॅलेंडरकडे बघितलं. टिंबं त्यानं आधीच पाहिली असावीत. "आणि द्वादशीची खीर?"

"मी करीन."

"इरली," तो म्हणाला. असू दे. आणि जेवायला बसला.

खाई त्याला खवखवे, मी मनात म्हटलं. निर्दोष माणूस भांडला असता, आवाज चढवला असता, माळेची शपथ घेतली असती. हा गप्प बसतो म्हणजे पाणी मुरतंय. अडीच वर्षं तो त्या ताटात जेवला. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. विचारलं तर तो खरं सांगेल, ही भीती मला होती की काय, कोण जाणे... तिकडं जाणंही त्यानं थांबवलं नाही. परत आला की नेहमीसारखा गप्पा मारायचा, फक्त माझ्या ओट्यापासून हातभर लांब उभा राहून. मंदिरात भजनाला मात्र आम्ही शेजारी बसायचो, कारण लोकांनी विचारलं असतं.

तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि माझ्या डोक्यात तोच किडा. पेज म्हणे. मेलेल्या भावाची उलटतपासणी करायला निघालेली बहीण तुम्ही कुठं पाहिली नसेल, ती मी. अमावास्येनंतरचा दिवस गाठून मी ऑटोनं कुवेंपुनगरला गेले. हॉटेलच्या दारावर लाल कागद चिकटवला होता आणि त्यावर कन्नडमध्ये लिहिलं होतं : आज फक्त शाकाहारी. मी तो दोनदा वाचला. मागच्या वेळी औषधाच्या दुकानाच्या पायरीवरून तो दिसला नव्हता, कारण माझी नजर मासा आणि कोंबडीवर खिळली होती. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, दुसरं काय.

हॉटेलाचा मालक पन्नाशीतला, मलेशियाचा. म्हैसूरला शिकायला आला, नंजनगूडच्या मुलीशी लग्न करून इथलाच झाला. नाव लिम, गल्ली त्याला लिमण्णा म्हणते. मी वसंताची अक्का म्हटल्यावर तो हात जोडून उभा राहिला. त्यानं जे सांगितलं ते असं. ते तिओच्यू, समुद्रकाठचे चिनी. त्यांच्याकडे मसाल्याचा भडिमार नाही, पातळ पेज आणि भोवती चार खारट-आंबट तोंडीलावणी हे त्यांचं रोजचं जेवण. मसाला दोसा आणि कॉफीच्या पैशात पोट भरतं. त्याची आई चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसमच्छीला शिवत नाही, तेव्हा ते दोन दिवस हॉटेलातही नाही. "आणि भांडी?" मी विचारलंच. तो हसला आणि मला आत घेऊन गेला. वरच्या फळीवरच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाला, त्या दोन दिवसांची पातेली वेगळी, एरवी ती तिथं कापडात बांधून असतात, आईशिवाय कुणी हात लावत नाही. तुमच्या भावानंही पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं, आणि फळी बघून मगच बसला.

मी टेबलाशी बसले. गुन्हा सिद्ध करायला मी जी टिंबं मांडली होती, ती सगळी त्याच्या बाजूची साक्ष होती. महिन्याचे अठ्ठावीस दिवस सोडून तो नेमके तेच दोन दिवस गाठत होता, आणि गणिताच्या बाईंना ते समजलं नव्हतं. मला फार लाज वाटली. भावाच्या जाण्यानं रडले नव्हते इतकी मी तिथं रडले.

लिमण्णाची आई, त्या पौर्णिमेला वसंताशेजारी दिसलेली तीच म्हातारी, दोन वाडगे पेज आणि मध्ये तोंडीलावण्याच्या बशा मांडून समोर बसली आणि काड्यांनी जेवू लागली. तिला कन्नड येत नाही. ती काहीतरी बोलली, आणि तो आतून एक रिकामी थाळी घेऊन आला, बाकी बशांपासून वेगळी, काठाला निळी वेल असलेली.

"अम्मा, हे तुमच्यासाठी," तो म्हणाला. "वसंतण्णांनी सांगितलं होतं, तुमच्यात घरातल्या मानाच्या माणसाला वेगळं ताट असतं, त्यात दुसरं कुणी जेवत नाही. माझी अक्का माझं ताट खिडकीत वेगळं ठेवते, म्हणायचे. आईला ते फार आवडलं. आमच्यात पण चांगलं भांडंच वेगळं ठेवतात ना. आम्ही त्यांना ही थाळी दिली होती, पण ते घेईनात. इथं नको, इथं सगळ्यांबरोबर, म्हणाले. तुम्ही तर त्यांच्याहून मोठ्या."

हो म्हणून टाकणं सोपं होतं. भावानं माझी अब्रू इतकी नीट शिवून ठेवली होती की कुठं टाका दिसत नव्हता. पण आयुष्यभर मी दुसऱ्यांना खरं बोलायला लावलं होतं.

"अदु मर्यादेगल्ल," मी म्हणाले. ते मानासाठी नव्हतं. "तो इथं मासे खातो असं मला वाटलं. म्हणून मी त्याचं ताट वेगळं केलं. त्याला विचारलंसुद्धा नाही."

लिमण्णा थाळी धरून तसाच उभा राहिला. म्हातारीनं त्याला काय ते विचारलं, त्यानं दोनतीन शब्दांत सांगितलं.  मग तिनं आपल्या तोंडातल्या काड्या मधल्या बशीत घातल्या, खारवलेल्या मुळ्याचे बारीक तुकडे उचलले आणि माझ्या पेजेवर ठेवले. तिच्या उष्ट्या काड्या. सोवळ्याओवळ्यापायी सख्ख्या भावाला ओट्यापासून लांब उभं करणारी मी, ते बघत राहिले.

"तण्णगागुत्ते," लिमण्णा म्हणाला. गार होईल. आणि थाळी परत आत घेऊन गेला.

मी खाल्लं. पेज वाफाळती होती, मुळा खारट आणि किंचित गोडसर, आणि खरं सांगते, फार चांगला होता. दुसऱ्यांदा मी मधल्या बशीतून स्वतःच्या हातानं घेतला. आता प्रतिपदेला आणि पौर्णिमेला मी जाते. म्हातारी आणि मी एकमेकींशी बोलू शकत नाही, त्यामुळे तिला काही विचारताही येत नाही, आणि तेच बरं आहे. फक्त परत येताना बसमध्ये दर वेळी वाटतं, घरी गेल्यावर वसंताला सांगावं, अरे, मुळा चांगला आहे रे... आणि मग आठवतं, त्याला मी एकदाही विचारलं नव्हतं की तिथं काय चांगलं मिळतं.