मोगऱ्याच्या पट्ट्या

मुलांनो, गेल्या रविवारी तुमच्यातल्या थोरलीनं फोनवर विचारलं, आजी, आईची बाळंतपणं दोनच ना? तिला दिवस गेलेत आणि तिकडच्या डॉक्टरांना घरातल्या बायकांची माहिती हवी होती. मी म्हणाले, आईलाच विचार. आईनं तिला तीन म्हणून सांगितलं आणि बाकीचं आजी लिहील म्हणाली. तिचं बरोबर आहे. यात जे चुकलं ते माझ्या हातून चुकलं, तेव्हा लिहायचंही मीच.

नव्वदनंतरची गोष्ट. तुमची आई पहिल्या बाळंतपणासाठी दौंडहून शिरूरला माझ्याकडे आली ती सातव्या महिन्यात. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि काहीही करायचं तर आधी त्यावरचं पुस्तक वाचायची मला सवय. एका इंग्रजी पुस्तकात बाळाला ठरावीक तासांनी पाजावं असं होतं. मी एक वही आणली आणि पहिल्या पानावर पट्टीनं रकाने आखले: वेळ, उजवी बाजू, डावी बाजू, ओले लंगोट. तुमची आई हसत म्हणाली, "आई, बाळाला टाइमटेबल वाचता येईपर्यंत तरी थांब."

मुलगी झाली, पण दीड महिना आधी. तिला श्वास पुरेना. तुमच्या बाबांनी तिला जीपमधून पुण्याला नेलं. वाटेत शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत जीप थांबली, तेव्हा सगळा वेळ ते तिच्या नाकापाशी बोट धरून बसले होते. ती पुण्याला पोचली आणि तीन दिवस जगली. इकडे तुमच्या आईनं तिला जन्मल्यावर एकदाच पाहिलं होतं.

बाबा रिकाम्या हातानं परत आले त्याच दिवशी तुमच्या आईला दूध आलं. शरीराला कोणी काही कळवलं नव्हतं. छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला, पोलकं सारखं भिजायचं. गल्लीतल्या जाणत्या बायका म्हणाल्या, मोगरा बांधा, दूध आटेल. उन्हाळा होता, नदीकाठच्या मळ्यांत मोगरा भरपूर होता. मी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडल्या, त्यांत फुलं भरली आणि तिच्या छातीवर घट्ट बांधली. सकाळ-संध्याकाळ फुलं बदलायची. तेही मी वेळेवर करत होते.

दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या चाची दारात आल्या. त्यांच्या घरी शिलाईचा धंदा होता. सगळी गल्ली त्यांना चाचीच म्हणे. त्यांची सून टायफॉइडनं अंथरुणाला खिळली होती, तिचं दूध तुटलं होतं आणि महिन्याभराची नात वरचं दूध ओकून टाकत होती. चाची उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"बाई, राग धरू नका. तुमच्या लेकीला दूध हाय. माझी नात दोन दिस रडतीया, आता तर रडायचं बी बळ न्हाई तिला."

मी नाही म्हणाले. लेकीला विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं, दुसऱ्याचं मूल छातीशी घेतलं तर ती कोसळेल. शिवाय दूध आटवायचं ठरलं होतं, आणि ठरलेलं मी मोडत नसे. परक्या जातीधर्माचं बाळ म्हणून मन अडलं का? थोडं अडलं, खोटं कशाला सांगू. मी चाचींना एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं: पाणी किती उकळायचं, बाटली नको, वाटी-चमचा वापरा. चाचींना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागदाची घडी घालून कमरेला खोचली आणि त्या गेल्या.

तुमच्या आईनं आतून सगळं ऐकलं होतं. तरी आणखी दोन दिवस तिनं पट्ट्या बांधून घेतल्या. तिसऱ्या दिवशी अंघोळीला गेली आणि पट्ट्या हातात घेऊनच बाहेर आली. "आई, ते माझं होतं. नाही म्हणायचं तर मी म्हणाले असते."

ती तशीच मागच्या गल्लीत गेली. मी मागोमाग. चाचींनी नात तिच्या मांडीवर दिली. पोरीनं तोंडात धरलं, दोनदा ओढलं, सोडलं, रडली, परत धरलं. ओठांवर थोडंसं पांढरं दिसलं, मग काहीच येईना. तुमची आई बाजू बदलत राहिली. शेवटी चाचींनीच बाळ उचललं.

"ऱ्हाऊ दे पोरी. एक घोट गेला ना पोटात? झाली ती तुझी. आमच्यात दुधाच्या नात्याला एवढं पुरतं."

घरी आल्यावर तुमची आई पहिल्यांदा रडली.

बाळ वरचेवर छातीला लावत राहिलं तर आटत आलेलं दूधही पुष्कळदा परत येतं, हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं. तेव्हा आम्ही एकदाच प्रयत्न करून सोडून दिलं. तो सगळा पावसाळा चाचींची नात आजारी होती. मागच्या गल्लीतून तिचं रडणं ऐकू आलं की तुमची आई हातातलं काम ठेवून नुसती बसायची. मग ती दौंडला परत गेली.

थोरले, तुझ्या बाळाला घड्याळ बघून पाजू नकोस, ते मागेल तेव्हा घे. आणि तुला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या कोणाला देऊ देऊ नकोस, मलाही नाही.

चाची आता नाहीत. त्यांची नात जगली. ती शिरूरलाच असते आणि तुमच्या आईला दूधआई म्हणते. ती वहीही माझ्या कपाटात आहे. पहिल्या पानावर रकाने आहेत, बाकी काही लिहिलेलं नाही.