भाऊजींचे दोन हजार वाचक

पायसम वाढून झालं होतं, वेस्ट मांबलमच्या आमच्या हॉलमध्ये शेजारची वीसेक माणसं जेवत होती, आणि कॉम्प्युटर कंपनीत असलेली माझी सून सगळ्यांदेखत मला म्हणाली, "अत्तै, काकांचे हे दोन हजार वाचक म्हणजे बहुतेक तुम्हीच."

काका म्हणजे माझे धाकटे दीर, मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांच्याइतका मोजणारा माणूस अख्ख्या चेन्नईत नसेल. रेल्वेत जन्मभर डबे मोजले, निवृत्त झाल्यावर शेजाऱ्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजू लागले. लग्नाहून आले की नवरदेवाच्या मामाने किती मैसूरपाक खाल्ले ते आधी सांगायचे. मग सुनेने त्यांना वेबसाइट काढून दिली. तंजावरच्या घरातलं जुनंपुराणं ते तिथे लिहीत, आणि खाली किती जण येऊन गेले त्याचा आकडा दिसे. झालं. जीव त्या आकड्यात अडकला, पण स्वतः बघायचा धीर होईना. "तुम्हीच बघा, वहिनी. कोणी येत नसेल तर वर्षाने बंद करतो," म्हणाले.

म्हणून मी दुपारी बघायला जाऊ लागले. दर वेळी एक जण तरी आलेला असायचा. तासाने पुन्हा बघावं, तर आणखी एक. मला वाटे, माझ्या हाताला यश आहे. संध्याकाळी ऐटीत सांगायची, "आज सहा." हे अमेरिकेतले असणार, हा शोधही माझाच. आपण उघडलं की आकडा वाढतो, हे मला वर्षभर कळलं नाही. वर्षपूर्तीचं जेवण त्याच आकड्यावर घातलेलं.

सून बोलली तसे सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार. भाऊजी हसले नाहीत. पानावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "उघडलंत तेव्हा वाचलंत का, वहिनी?"

"चौथी शिकलेय मी. एक पान संपायला चार दुपारी लागतात. पण सगळं वाचलंय. तुमच्या आईच्या आमटीत चिंच नसायची, कैरी असायची. चुकीचं लिहिलंय तुम्ही."

त्यांनी पानावरची नजर वर उचलली. "कैरीच," म्हणाले, आणि आणखी पायसम मागितलं. बंद करायची गोष्ट पुन्हा काढली नाही.

भाऊजींना जाऊन दोन वर्षं झाली. वेबसाइट सुनेने तशीच ठेवली आहे. मी दुपारी एकदाच उघडते. आकडा एकाने वाढतो. ती मी.