शीतलताईची भाऊबंदकी

शीतलताई ठवकर नवा माणूस भेटला की आधी त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरायची. माझंही धरलं. ओहायोतल्या डब्लिनमधल्या तिच्या अपार्टमेंटमध्ये राहायला आलेली मी दोन बॅगा घेऊन दारात उभी होते, आणि ही माझी बाही चोळून म्हणाली, "बाप्पा, हे सुती नाहीच! प्लास्टिक घालून फिरून राहिली तू!" मग चहा टाकायला आत गेली. माझं नाव तिने त्यानंतर विचारलं.

ती हिंगणघाटची. शाळा मराठी, घरामागे कापसातली सरकी काढायचं जिनिंग. मी पुण्याची, कॉन्व्हेंटची. आम्ही दोघी एकाच प्राध्यापकांकडे इतिहासात पीएच.डी. करत होतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या आधीचा काळ हा त्यांचा कोर्स. त्यांचं लेक्चर झालं की उजळणीच्या वर्गासाठी मुलांचे दोन गट व्हायचे, एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. येत्या उन्हाळ्यात हा कोर्स आमच्यापैकी एकीला स्वतंत्रपणे शिकवायला मिळणार होता. मला तो हवा होता. इतका, की मी ते आईलाही सांगितलं नव्हतं.

माझी तयारी चोख असायची. उत्तरेच्या गिरण्या, दक्षिणेचा कापूस, आयात मालावरची जकात, रेल्वे, बँका, सगळ्याच्या स्लाइड्स. उच्चार स्वच्छ. मुलं माझ्यासमोर सभ्यपणे फोन बघत बसायची, आणि भिंतीपलीकडून शीतलताईच्या वर्गातलं हसणं ऐकू यायचं.

तिच्या इंग्रजीत क्रियापदं कुठेही उतरायची. पण घरी पोळ्या लाटताना ती वर्गाची तालीम माझ्यावर करायची, तेव्हा मीही हातातलं काम विसरायचे. "हे पाय, दोन भाऊ. थोरल्याची गिरणी, धाकट्याचं शेत. थोरला म्हणते, बाहेरच्या मालावर जकात लावा, माझं कापड खपलं पाहिजे. धाकटा म्हणते, माझा कापूस विलायतेत जाते, तिकडून स्वस्त माल येते, तुयं महाग कापड मी काऊन घेऊ? त्यात पश्चिमेकडं नवी जमीन निघाली. तिथं कोणाची रीत चालन? झाली न भाऊबंदकी!"

तो शब्द तिने मुलांना मराठीतच शिकवला. ओहायोची पोरं कॉरिडॉरमध्ये "बाऊबंडकी" म्हणत फिरायची. माझ्या गटातल्या दोघांनी तिच्या गटात जायला मिळेल का, असं मलाच येऊन विचारलं. मी हसून "शुअर" म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ हात धूत राहिले.

कोर्स कोणाला द्यायचा ते ठरवण्याआधी प्राध्यापक आमचे वर्ग बघायला आले. तिच्या वर्गात मीही मागे, त्यांच्या शेजारी बसले होते. फळ्यावर दोन भाऊ निघाले, मुलं हसली. मग नेओमी नावाच्या एका कृष्णवर्णीय मुलीने हात वर केला.

"या गोष्टीत आम्ही कोण?" तिने विचारलं. "भाऊ, की शेत?"

प्राध्यापकांचं पेन थांबलं. माझ्या छातीत काहीतरी आनंदाने उडालं. संपलं, मला वाटलं, आता कोर्स माझा. अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मला पाठ होतं. 'फार छान प्रश्न आहे, त्याकडे आपण येऊच.' आमच्या शाळेत हे कोणी शिकवत नाही, ते आपोआप येतं.

शीतलताई फळ्याकडे बघत राहिली. मग तिच्या त्या धडपडत्या इंग्रजीत म्हणाली, "शेत. माझ्या गोष्टीत तू वाटणीच्या मालात आहेस. त्या भावांनी तेच केलं. आता मीही केलं. चुकलं माझं."

तिने दोघा भावांना पुसून टाकलं.

"माझ्या बाबांची आणि काकाची वाटणी झाली," ती म्हणाली, "ती गोष्ट मी खूपदा सांगते. आमच्या शेतावर एक सालगडी होता, वर्षाच्या बोलीवर राबणारा. माझ्या गोष्टीत तो कधीच नसतो. तो गुलाम नव्हता, सोडून जाऊ शकत होता. इथल्या लोकांना तेवढंही नव्हतं. पण गोष्टीतून माणूस गाळायची सवय मी घरूनच आणली आहे." मग तिने फळ्याच्या मधोमध शेतात राबणारी गुलाम माणसं मांडली. दक्षिणेचा कापूस त्यांच्या हातचा, आणि उत्तरेच्या गिरण्याही त्याच कापसावर चालणाऱ्या. जकात, रेल्वे, नवी जमीन, प्रत्येक भांडणाची रेघ तिने तिथून काढली. नेओमी हसली नाही. पण खुर्ची पुढे ओढून बसली.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून शीतलताईचा घरी लावलेला फोन मला ऐकू आला. "बाबा, आपल्या सालगड्याचं आडनाव काय होतं? ...कायले म्हंजे? मले पाहिजे. तुमाले आठवत नसन तर आईले द्या फोन."

कोर्स तिला मिळाला. मी केक आणला, फोटो काढले, फोटोत मी छान दिसते.

वर्षभराने तिला दक्षिणेत, अलाबामातल्या एका लहान कॉलेजात नोकरी लागली. सामान गाडीत भरून झालं तेव्हा ती पार्किंगमध्ये माझ्यासमोर उभी राहिली.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "तुयं इंग्रजी ऐकून मी रोज जळत होतो. वाटे, हिच्या तोंडात देवानं लोणी ठेवलं अन् माझ्या तोंडात सरकी. लय जळलो तुझ्यावर, सांगून टाकतो."

आणि स्वतःच खळखळून हसली.

माझ्याजवळ सांगण्यासारखं तेच होतं, तिच्यापेक्षा कितीतरी जास्त. तेसुद्धा तिनेच आधी सांगून टाकलं. मी म्हटलं, "नीट ड्राइव्ह कर, ताई. पोचलीस की मेसेज कर."